तीन रिंगा

शुक्रवारी सकाळी जीपमधून डिझेलचे सहा कॅन उतरले, धक्क्याच्या पायरीवर ओळीने उभे राहिले, आणि उभेच राहिले. नावाडीण होडीत होती. पण वल्हं आडवं टाकलेलं, हाताची घडी घातलेली, आणि नजर पाण्याकडे अशी, की जणू उत्तर द्यायचं पाण्याकडेच बाकी आहे.

“मावशी, लावू ना आत?” डिझेलवाल्याने पहिला कॅन उचलत विचारलं.

“नको.”

“बरं, पुढच्या बाजूला लावू?”

“पुढे नको, मागे नको. माझ्या होडीत नको.”

डिझेलवाला हसला. बारा वर्षं तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी हे कॅन घेऊन यायचा. पलीकडच्या डोंगरावर मोबाइलचा टॉवर होता. तिथे वीज यायची ती लांबच्या पाहुण्यासारखी, तोंड दाखवून परत जायची. म्हणून टॉवर डिझेलवर चालायचा, आणि डिझेल हिच्या होडीवर. पलीकडे गाडीरस्ता नव्हता. एवढा उंच लोखंडी टॉवर, पण त्याचा घास या बाईच्या दोन दंडांवरून जायचा.

“पोटबिट दुखतंय का तुमचं?”

“दुखतंय. त्याचं औषध तुझ्या कॅनात नाही.”

“मस्करी नको मावशी. उद्या दुपारपर्यंत टॉवर कोरडा पडेल. पलीकडच्या अकरा वाड्यांचे फोन मुके होतील.”

“होऊ देत. माझा झालाच आहे.”

“लोक मला शिव्या घालतील.”

“मला घालतातच आहेत. ये, वाटून घेऊ.”

वरच्या पायरीवर तिची थोरली नणंद जाळं शिवत बसली होती. तिने दोरा दाताने तोडला. “तिच्या नादी लागू नकोस रे. लग्न होऊन आली तेव्हाच मी सांगितलं होतं, वहिनी, वल्ह्याला हात लावू नकोस, ते पुरुषांचं काम. माझा भाऊ गेला आणि तिसऱ्या आठवड्यात ही वल्हं घेऊन उभी. तुझे कॅन आज चढायचे नाहीत. जा, चहा पी आणि घरी जा.”

“मी साहेबांना काय सांगू?”

“सांग,” नावाडीण म्हणाली, “की तुमच्या कंपनीमुळे माझा शब्द गेलाय. तो आणून द्या. मग डिझेल नेते.”

डिझेलवाल्याने डोकं खाजवलं. बारा वर्षांत त्याने फिल्टर आणले होते, बॅटऱ्या आणल्या होत्या, एकदा जनरेटरचा पट्टा आणला होता. पण शब्द कुठल्या दुकानात मिळतो, हे काही त्याला ठाऊक नव्हतं.

या पाण्याला पूर्वी नदी म्हणायचे. तेव्हा ती अंगाने सडपातळ होती. पलीकडून कुणी ‘होडी गं’ अशी हाक मारली, की अलीकडे भांडी घासणारीसुद्धा मान वर करून बघायची. हाक पाण्यावरून टप्पे खात यायची, नावाडी दोर सोडायचा. हाकेवरून माणूस कळायचा: ही घाईची, ही रडवेली, ही माहेरी निघालेलीची. मग खाली कुठेतरी, कधी न पाहिलेल्या गावांसाठी, धरणाची भिंत उभी राहिली आणि नदी फुगत गेली. शेतं गिळली, जुना धक्का गिळला, काठापासून काठ तोडला. आता पलीकडचा माणूस इथून तिळाएवढाही दिसत नाही, आणि हाक अर्ध्यात बुडते. हाकेला पोहता येत नाही.

लोकांनी झाडाला फडकं बांधून पाहिलं, धूर करून पाहिला. धुक्यात फडकं दिसेना, वाऱ्यात धूर उभा राहीना. अशात टॉवर आला. उद्घाटनाला खुर्च्या आल्या, फुगे आले, एक साहेब आले. त्या साहेबांनी नावाडणीच्या हातात एक फोन आणि एक कार्ड ठेवलं आणि माइकवर सांगितलं, “आयुष्यभर इनकमिंग फुकट.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचा आवाजही पलीकडे पोचला नाही.

त्या फोनवर अकरा वाड्यांनी स्वतःची भाषा केली. एक रिंग देऊन कापली, म्हणजे एकदोन माणसं आहेत, सावकाश ये. दोन, म्हणजे ओझं आहे, शेळ्या आहेत, रुंद होडी आण. तीन, म्हणजे आजारी माणूस आहे, हातातलं टाक आणि नीघ. मग नावाडीण उलट एक रिंग द्यायची: निघाले. फोन कुणी उचलायचा नाही. उचलला की पैसे गेले. आणि बोलायचं होतं तरी काय? तीन रिंगांत जे मावत होतं ते तीनशे शब्दांत मावलं नसतं. पोरांना आधी हेच शिकवत, की वाजलं तरी उचलायचं नाही, नुसतं मोजायचं. तिचा नंबर पलीकडच्या काठावर खडकावर डांबराने लिहिलेला होता, दारांच्या मागे खडूने लिहिलेला होता. ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांच्या बोटांना पाठ होता. बारा वर्षांत तीनची एकही रिंग तिने वाया जाऊ दिली नव्हती. बाळंतिणी आणल्या, पाय मोडलेले आणले. टॉवरच्या पहारेकऱ्याला विंचू चावला, त्याच्या खिशात कंपनीचा भारीतला फोन होता. पण त्यानेही तीन रिंगाच दिल्या.

गेल्या शनिवारी तिच्या फोनच्या कोपऱ्यातल्या दांड्या गेल्या. तिला काही वाटलं नाही. दांड्या गेल्या की टॉवर रुसला, मंगळवारी डिझेलवाला येऊन गेला की दांड्या येतात, हे या पाण्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. रविवारी संध्याकाळच्या खेपेला पलीकडचा एक म्हातारा म्हणाला, “दुपारी रिंग दिली होती गं, आली नाहीस.” ती म्हणाली, “दांड्याच नाहीत, काका.” म्हातारा म्हणाला, “माझ्याकडे तर आहेत.” तेव्हा तिला वाटलं, डबडं बिघडलं असेल, मंगळवारी डिझेलवाल्याला दाखवू. मंगळवारी. हा शब्द पुढे कितीतरी दिवस तिच्या घशात काट्यासारखा अडकून राहिला.

सोमवारी संध्याकाळची खेप घेऊन ती पलीकडे टेकली, तेव्हा काठावर कुंभारीण बसली होती. मांडीवर तिची पाच वर्षांची पोरगी. पोरीची छाती भात्यासारखी चाललेली आणि ओठ जांभळे. कुंभारीण होडीत चढली, बसली, पोरीच्या छातीवर हात ठेवला. नावाडणीने आयुष्यात कधी मारली नव्हती अशी वल्ही मारली. पाणी मधोमध आलं तेव्हा कुंभारीण हळूच म्हणाली, “सकाळी दहापासून बसलेय.”

“अगं, मग रिंग नाही का द्यायची?”

कुंभारणीने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत रागही नव्हता तेव्हा, नुसतं न कळणं होतं. “तीन दिल्या. पुन्हा तीन दिल्या. चाळीस वेळा दिल्या. आणि तू उलट रिंग दिलीस. दोनदा. निघाले म्हणालीस.”

“मी?”

“तू ‘निघाले’ म्हणाली नसतीस, तर मी डोंगरावरून नेली असती. दोघं गडी तयार होते खांदा द्यायला. तीन तासांत सडकेला लागलो असतो. तुझी रिंग आली म्हणून त्यांना परत पाठवलं.”

पोरगी मंगळवारी पहाटे दवाखान्यातच दगावली. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत आणली असती तर. डॉक्टरांचं वाक्य तिथेच संपलं. कुंभारणीचं तिथून सुरू झालं. अकरा वाड्यांत एकच गोष्ट फिरली: नावाडणीने ‘निघाले’ म्हणून रिंग दिली आणि घरी बसून राहिली. त्यानंतर पलीकडची माणसं होडीत बसायची ती तिच्याकडे पाठ करून. वीस पाठी, आणि त्यांच्यामागे वल्हवणारी ती एकटी.

बुधवारी ती बसने बाजारगावातल्या कंपनीच्या दुकानात गेली. काचेचं दार, आत गार हवा, भिंतीवर हसणारी माणसं. काउंटरवरच्या मुलीने फोन उलटासुलटा करून पाहिला, मग कॉम्प्युटरवर नंबर टाकला.

“आजी, हा नंबर तुमच्याकडे नाहीये आता.”

“मावशी म्हण. नाहीये म्हणजे?”

“वापर नव्हता ना. हे बघा, वर्षभरात शून्य. एकही कॉल नाही. ना आलेला, ना गेलेला.”

“दिवसाला वीस वेळा वाजायचा.”

“वाजणं म्हणजे वापर नाही, मावशी. उचललं, की वापर.”

“कुणी तुझ्या दाराची कडी वाजवली आणि तू बाहेर आलीस, तर त्याने तुला बोलावलं की नाही?”

मुलीने मागच्या रांगेकडे पाहिलं. “सिस्टीममध्ये तसं नसतं. नवीन नियम आहे. वापर नसलेले नंबर काढून घेतात आणि दुसऱ्या ग्राहकाला देतात. आम्ही तुम्हाला चार मेसेज पाठवले होते.”

“मला वाचता येत नाही. मला रिंग कळते. रिंग द्यायची.”

“कंपनी मिस्ड कॉल नाही देत, मावशी.” मुलगी हसली; मग नावाडणीचा चेहरा बघून तिने ते हसू आवरलं.

“आयुष्यभर म्हणाले होते. माइकवर.”

“ती योजना बंद झाली.”

“अस्सं. आयुष्य योजनेचं होतं होय. मी आपली समजत होते, माझं.” तिने काउंटरवर हात ठेवला. वल्ह्याने घट्टे पडलेला तो हात त्या पांढऱ्या काचेवर एखाद्या ढेकळासारखा दिसत होता. “लाव. माझा नंबर लाव. बघू कोण आहे तिथे.”

मुलीने काय विचार केला कोण जाणे, पण लावला, आणि आवाज मोठा केला. दोन रिंगांत फोन उचलला गेला. मागे कात्रीचा कचकच आवाज. “बोला, सलून.”

नावाडीण काउंटरवर पुढे वाकली. बारा वर्षांत त्या नंबरवर माणसाचा आवाज तिने पहिल्यांदा ऐकला होता.

“कोण? हे बघा, मिस्ड कॉलवाले असाल तर हात जोडतो. शनिवारी नंबर घेतला तेव्हापासून डोक्याला ताप आहे. एक वाजते, कट. दोन वाजते, कट.”

“सोमवारी,” ती म्हणाली, “सोमवारी किती वाजली?”

“सोमवारचं नका विचारू. आमची सुट्टी. तीन वाजायची, कट. परत तीन, कट. मी दोनदा उलट फोन लावला, म्हटलं विचारू तरी, कोण बाबा तू. पण कुणी उचलेल तर शपथ. शेवटी फोन उशीखाली घातला आणि झोपलो. का हो? तुम्ही कोण बोलताय?”

दुकानातल्या मुलीने फोन हळूच ठेवून दिला. तिला गोष्ट ठाऊक नव्हती; पण समोरच्या बाईचा चेहरा राखेसारखा झालेला तिला दिसत होता. नावाडणीला त्या सलूनवाल्याचा राग करायचा होता. तिने खूप प्रयत्न केला. पण त्याने तर उलट फोन लावला होता. काय चाललंय म्हणून विचारणारा या सगळ्यात तो एकटाच होता.

गुरुवारी ती कुंभारणीच्या दाराशी गेली. दार उघडलं नाही. आतून कुंभारणीच्या दिराचा आवाज आला, “आता कंपनीवर ढकलतेस? वाजत होतं ते आम्ही आमच्या कानांनी ऐकलंय. उलट रिंगेवर तुझाच नंबर होता, डोळ्यांनी पाहिलाय.” आणि खरंच, ऐकलं होतं, पाहिलं होतं. खोटं काहीच नव्हतं. पण त्याच्यापुढे तिचं खरं चालेना. परत येताना वल्हं मारता मारता तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणून शुक्रवारी कॅन पायरीवर राहिले.

शनिवारी दुपारी डोंगरावरची घरघर थांबली. डिझेलवाला म्हणाला होता तसंच, अकरा वाड्यांचे फोन मुके झाले. त्याक्षणी नावाडणीने दोर सोडला. रिकामी पलीकडे गेली, काठ पाहिला, रिकामी आली. पुन्हा गेली. उजाडल्यापासून अंधारेपर्यंत ती अशी जात-येत राहिली, शनिवार, रविवार. रिंग नाही तर काठाला सतत डोळा हवा. रविवारी संध्याकाळी तिच्या दोन्ही तळव्यांचे फोड फुटले.

नणंदेने चिंधी फाडून हात बांधले. “लोक रागावले की हात आखडून बसतात. तू रागावलीस की जास्त वल्हवतेस. तुझ्या रागालाही अक्कल नाही.”

“आणखी घट्ट बांधा, वन्सं.”

“घट्टच बांधतेय. तोंड बांधायला हवं होतं खरं तर.” मग गाठ मारता मारता ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, “नाही आला कुणी साहेब तर?”

“येईल. त्यांना माझा फोन बंद पडलेला कळत नाही. टॉवर बंद पडलेला कळतो.”

सोमवारी साहेब आला. तरणा होता, बूट पांढरे, पायऱ्यांवरचं शेवाळ बघून पाय टाकत होता. मागून डिझेलवाला खाली मान घालून.

“काकू, तुमच्याबद्दल आम्हाला आदर आहे,” साहेबाने सुरुवात केली.

“तो ठेवा बाजूला, ओला होईल. पुढचं बोला.”

साहेबाने पिशवीतून खोकं काढलं. “हा नवीन फोन. मोठ्या स्क्रीनचा. आणि हा खास नंबर, शेवटी तीन शून्य, लक्षात ठेवायला सोपा. शिवाय आम्ही सगळ्या ग्राहकांना मेसेज करू, की नावेचा नंबर बदलला आहे.”

वरच्या पायरीवर नणंद खाकरली. “मेसेज करणार म्हणे. चार वाचणारे आणि अकरा वाड्या.”

“मला जुना हवा,” नावाडीण म्हणाली.

“तो आता दुसऱ्या ग्राहकाच्या नावावर आहे. त्याने दुकानाच्या पाटीवर रंगवलाय. कायद्याने काढून घेता येत नाही.”

“माझा बरा काढून घेता आला.”

साहेबाने घाम पुसला. मग, बोलायचं म्हणून बोलून गेला, “पण तसं बघितलं तर काकू, होडी बोलवायची तर माणसं हाक नाही का मारू शकत?”

डिझेलवाल्याने डोळे मिटून घेतले. नावाडीण मात्र शांतपणे उठली आणि पाण्याकडे हात केला. “मारा. पलीकडे माणसं बसलीत. मारा हाक.”

साहेब थोडा हसला, मग तोंडाभोवती हात धरून ओरडला, “अहो.” पुन्हा ओरडला. आवाज पाण्यावर थोडा धावला आणि दिसेनासा झाला. पलीकडून काही आलं नाही. कुठून येणार? एक पाणकोंबडी तेवढी बुडी मारून वर आली.

“अशी एक बाई त्या काठावर बसली होती,” नावाडीण म्हणाली. “तिच्याकडे आवाज होता, तो तुमच्या टॉवरने तिच्या हातात दिला होता. तिने तो चाळीस वेळा वापरला. तुम्ही तो दुसऱ्याच घरी नेऊन टाकला, आणि तिला सांगितलं नाही, मला सांगितलं नाही. मला फोन नको तुमचा. तुम्ही माझ्याबरोबर होडीत बसायचं. पलीकडे अकरा वाड्या आहेत. प्रत्येक वाडीत जाऊन तुमच्या तोंडाने सांगायचं, की रिंग तिच्याकडे आलीच नाही, नंबर आम्ही काढला. पहिलं घर कुंभारणीचं. अकरावी वाडी झाली, की सहाच्या सहा कॅन मी स्वतः डोंगरावर चढवते.”

“अकरा वाड्या? मला दुपारी मीटिंग आहे.”

“मग असू दे.” ती पुन्हा हाताची घडी घालून बसली.

साहेबाने खिशातून फोन काढला, मीटिंगवाल्यांना कळवायला, पण दांड्या नव्हत्या. त्याने तो जरा उंच धरून पाहिला. मग बूट काढले आणि होडीत उतरला.

पाणी ओलांडायला पाऊण तास लागला. साहेब दोन्ही हातांनी होडीची कड धरून बसला होता. मधोमध आल्यावर त्याने एकदा मागे पाहिलं, एकदा पुढे पाहिलं, दोन्हीकडे काठ सारखाच लांब होता.

कुंभारणीच्या अंगणात ओली मडकी मांडलेली होती. ती एका मडक्याच्या आत गोटा धरून बाहेरून थापी मारत होती. थप, थप, थप. मडकं तिच्या हातात गोल फिरत होतं. दोघं येऊन उभी राहिली तरी थापी थांबली नाही. दीर दारात आला आणि चौकटीला टेकून उभा राहिला.

“ताई,” साहेब म्हणाला, “मी कंपनीतून आलोय. घडल्या प्रकाराबद्दल आम्हाला वाईट वाटतं. काही तांत्रिक कारणांमुळे सेवेमध्ये जो खंड...”

“असं नाही,” नावाडीण म्हणाली. “सरळ.”

“नंबर आम्ही काढून घेतला. शनिवारी. यांना माहीत नव्हतं. तुमची रिंग यांच्याकडे गेलीच नाही. फोन वाजला तो... दुसरीकडे.”

थापी थांबली. कुंभारणीने मडकं मांडीवर तसंच धरलं. “उलट रिंग आली होती. तिचाच नंबर होता.”

साहेबाने नावाडणीकडे पाहिलं. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

“एक सलूनवाला आहे,” नावाडीण म्हणाली. एवढे दिवस तिने हे वाक्य मनात घोळवलं होतं. ते बोललं की आपण मोकळ्या झालो, असं तिला वाटत होतं. “माझा नंबर त्याला दिला यांनी. त्याला तीनचा अर्थ ठाऊक नव्हता. सारखं कोण करतंय, विचारावं म्हणून त्याने उलट फोन लावला. दोनदा.”

कुंभारणीच्या चेहऱ्यावर काहीतरी सावकाश वर येत होतं, तळाशी गेलेली वस्तू पाण्यावर येते तसं. ते काय आहे हे नावाडणीला कळलं, आणि कळलं त्याच क्षणी तिला वाटलं, आपण आलो नसतो तर बरं झालं असतं. आपल्या अंगावरचा डाग काढताना आपण तो कुठे पुसला, हे तिला आत्ता दिसत होतं.

“म्हणजे तो बोलला असता,” कुंभारीण म्हणाली. “मी उचलला असता तर तो बोलला असता. तेव्हाच कळलं असतं, की तू नाहीस. गडी अजून वळणावरच होते. हाकेच्या अंतरावर होते.” तिने मातीने भरलेला आपला हात पाहिला. “माझ्या हातात वाजत होता. मी मोजत बसले.”

“आपण कधी उचलतो का?” नावाडीण पुढे होऊन तिच्यासमोर खाली बसली. “अगं, बारा वर्षांत अकरा वाड्यांत कुणी उचललाय का? तू पोरीलासुद्धा शिकवलं होतंस, उचलायचा नाही.”

“हो. तिने विचारलं पण. आई, वाजतोय. मी म्हटलं, वाजू दे, निघाली मावशी.”

नावाडीण उठली. तिचा आवाज चढला नाही. उलट खाली गेला, आणि दारातला दीर तो आवाज ऐकून सरळ उभा राहिला. “साहेब, ऐकलंत ना? आता हिला सांगा. हिने फोन उचलला नाही, ही हिची चूक आहे का, ते सांगा. मी सांगून उपयोग नाही. मी इथली आहे. तुम्ही सांगा.”

“नाही,” साहेब म्हणाला.

“काय नाही?”

“ताई, तुमची चूक नाही.”

“मग कुणाची?”

साहेबाच्या पायांना सवय नसावी. अनवाणी तळव्यांना अंगणातले खडे टोचत होते आणि तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होता. नावाडीण थांबली. घाई करायचं तिला काही कारण नव्हतं.

“आमची,” तो म्हणाला. “चूक आमची आहे.”

“पुन्हा म्हणा,” कुंभारीण म्हणाली.

“चूक आमची आहे, ताई. नंबर आम्ही काढला. कुणाला सांगितलं नाही.”

कुंभारणीने मडकं खाली ठेवलं. त्याच्यावर ओलं फडकं घातलं, कडा नीट खोचल्या, ऊन लागून तडकू नये म्हणून. घागरीतलं पाणी घेऊन कोपरापर्यंत हात धुतले. रडली नाही. दिराला म्हणाली, “भावजी, मडक्यांकडे बघा. कुत्रं येतं.”

“तू कुठे निघालीस?”

“यांच्याबरोबर. अजून दहा वाड्या आहेत ना?” तिने पायांत चपला अडकवल्या आणि नावाडणीकडे न बघता तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. “सगळीकडे हे काय सांगतात, ते मला ऐकायचंय.”

पुढची वाडी चढावर होती. साहेब पुढे चालत होता, मागे दोघी. पहिल्या घराच्या ओट्यावर चारपाच माणसं बसली होती. नावाडीण दिसताच त्यांनी सवयीने पाठी फिरवल्या, आणि मग तिच्या बाजूला कुंभारीण दिसली तशा परत वळवल्या. साहेबाने रुमालाने मान पुसली, घसा साफ केला.

“नमस्कार. मी कंपनीकडून आलोय. मागच्या आठवड्यात काही तांत्रिक...”

“असं नाही,” कुंभारीण म्हणाली. “सरळ.”